खंडोबाला परत केलेला भंडारा

आमच्या ओट्यावरून एस.टी.चा थांबा दिसतो. सायंकाळी तुळशीपुढे दिवा लावण्याची वेळ आणि वस्त्यांवरच्या मुलींनी त्या थांब्यावर ताटकळण्याची वेळ वर्षानुवर्षे एकच होती. दिवा लावून, हात जोडून मी मान वर करी, तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेल्या धुळीत गणवेशातल्या काही आकृती पाठीवर दप्तरे घेऊन उभ्या दिसत. थंडीच्या दिवसांत तर त्यांचे चेहरेही ओळखू येत नसत. त्या थांब्याचा पुढे जो संबंध माझ्या वाट्याला आला, त्याची ही आठवण आहे.

प्रवरेच्या काठी, नेवासे तालुक्यातल्या या गावात आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य केले आणि मुले शिकवली. मी संस्कृत शिकवून निवृत्त झालो. स्नान, संध्या, देवपूजा, दुपारी थोडे वाचन आणि सायंकाळी दिवा, एवढ्यात माझा दिवस समाधानाने भरून जातो. अशा माणसाकडे निवडणुकीचे काम घेऊन कुणी येईल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. पण दिवाळीची सुटी संपली आणि आमच्या विद्यालयाच्या नव्या मुख्याध्यापिका एका सकाळी घरी आल्या. त्या माझ्याच विद्यार्थिनी. पुढ्यात बसताना अजूनही पदर सावरून, पाटी मांडीवर असल्यासारख्या बसतात.

"सर, एक विनंती आहे. नाही म्हणू नका."

"ऐकण्यापूर्वीच कसे म्हणू?"

"शाळेचा मुख्यमंत्री आजवर आम्ही शिक्षक नेमत होतो. यंदा मुलं निवडतील. अर्ज, चिन्ह, प्रचार, शाई, गुप्त मतदान, सगळं अगदी मोठ्यांसारखं. निवडणूक अधिकारी तुम्ही व्हायचं."

"अहो, तुमच्याकडे इतके शिक्षक आहेत."

"आणि प्रत्येकाचा कुणीतरी भाचा नाहीतर पुतण्या शाळेत आहे. ज्यांना गावात भावकी नाही असं एकच घर आहे, सर. तुमचं."

आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "चला! भावकी नसण्याचा एकदा तरी उपयोग झाला म्हणायचा."

मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी परिपाठात उभे राहून मी मुलांना मतदान म्हणजे काय ते सांगितले. आपले मत कुणाला सांगायचे नसते, मागणाऱ्यालाही नाही आणि जिवलग मित्रालाही नाही, हे मी सांगत असताना मागच्या रांगांत खुसखुस झाली. मुलांना गंमत वाटली असेल अशी मी समजूत करून घेतली.

त्या हसण्याचा अर्थ मला दोनतीन दिवसांनी कळला. सकाळी मी पूजेची उपकरणी घासत बसलो होतो. नववीतली एक मुलगी ओट्याशी येऊन उभी राहिली. कॅनॉलच्या पलीकडच्या वस्तीवरून ती येते. हातात झेंडूची फुले होती. ती तिने ताम्हणाशेजारी ठेवली आणि तशीच उभी राहिली.

"गुरुजी, एक इचारू का?"

"विचार की."

"देवापुढं घेतलेली शपथ मोडली तं काय हुतं?"

"कुणी मोडली?"

"अजून न्हाई मोडली. पन मोडावी लागन असं वाटतंय."

मी तिला बसायला सांगितले. मग तिने जे सांगितले ते असे. दहावीतला एक मुलगा मुख्यमंत्रिपदासाठी उभा होता. त्याचा चुलता नुकताच ग्रामपंचायतीत निवडून आलेला. त्या निवडणुकीत गावातल्या मोठ्या माणसांनी जे केले ते पोरांनी पाहिले होते आणि तेच त्यांनी केले. रविवारी माळावरच्या खंडोबाच्या देवळात वरच्या वर्गांतली मुले जमली. एकेकाने तळहातावर भंडारा, म्हणजे देवापुढची हळद, आणि त्यावर बेलाचे पान घेतले आणि मत यालाच देईन असे देवासमोर म्हटले. आमच्या भागात याला बेलभंडारा उचलणे म्हणतात. कागदावरची सही फिरवणारा माणूसही हा भंडारा फिरवत नाही. शपथ झाल्यावर उमेदवाराने सगळ्यांना भेळ खाऊ घातली.

"मी बी उचलला," ती म्हणाली. "तवा दुसरं कुनी उभंच नव्हतं. मंग सोमवारी मोठ्या बाई वर्गात आल्या आन् म्हनल्या, पोरींनी बी अर्ज भरा. मी भरला."

"मग?"

"मंग काय! मी उभी हाय, आन् माझं मत मलाच देता येत न्हाई."

दारात येऊन उभ्या राहिलेल्या आमच्या सौभाग्यवतींना हसू आले. मलाही आले असते. पण त्या मुलीचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरले.

"तुला मुख्यमंत्री का व्हायचे आहे?" मी विचारले.

तिने मान वळवून थांब्याकडे पाहिले. "गाडीपायी. शाळा सुटायच्या आधी एक गाडी जाती आन् दुसरी दिवस बुडाल्यावर येती. आमच्या वस्तीवरच्या दोघींची शाळा त्याच्यानंच सुटली. माझा बाप म्हनतो, ह्या वर्षी बघू, पुढचं पुढं. मुख्यमंत्री झालं तं शाळेच्या शिक्क्याचा अर्ज घेऊन डेपोत जाता येतं, असं बाई म्हनल्या. पन समद्यांनी भंडारा उचलेला. मीच मला मत न्हाई देनार तं दुसरं कोन देईन? आन् दिलं तं खंडोबा बघतोच हाय."

"अर्ज मागे घेऊ नकोस," मी म्हणालो. "मला थोडे दिवस दे."

सौभाग्यवतींनी तिच्या हातावर लाडू ठेवला. "ह्याला शपथ नाही हो, खा," असे त्या म्हणाल्या तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

मी शाळेत जाऊन ही हकिकत मुख्याध्यापिकांच्या कानावर घातली. नागरिकशास्त्र शिकवणारे तरुण शिक्षक तिथेच होते. ते उसळून म्हणाले, "सर, उद्या परिपाठात सरळ सांगून टाका, हळदीनं काही होत नसतं. विषय संपला." मुख्याध्यापिका अधिक सौम्य. त्या म्हणाल्या, "मतदान गुप्तच आहे ना सर? कुणी कुणाला दिलं ते कुणालाच कळणार नाही, एवढं मुलांना समजावू."

"खंडोबाला कळेल असे ती म्हणते," मी म्हणालो. "आणि मीही तसेच मानतो."

दोघेही थोडे गोंधळले. पण माझी अडचण खरी होती. ज्या देवापुढे मी रोज डोके टेकवतो, त्याच्यापुढे उच्चारलेला शब्द पोकळ असतो असे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? शिवाय निवडून आलेल्या मंत्रिमंडळाला आम्ही शपथच देणार होतो. रविवारची शपथ हळदीची भुकटी ठरवली, तर मुलांनी पुढची शपथ काय समजून घ्यायची? भंडारा खोटा न ठरवता त्या मुलीचा हात मोकळा करायचा होता.

त्या दुपारी मी जुने ग्रंथ उघडून बसलो. आपल्या पूर्वजांनी व्यवहाराचा विचार करताना कोणती वस्तू दान देता येते आणि कोणती देता येत नाही, याची फार बारीक चर्चा केली आहे. दुसऱ्याने विश्वासाने आपल्यापाशी ठेवलेली ठेव आपण कुणाला देऊन टाकू शकत नाही. जी वस्तू अनेकांची समाईक आहे तीही एकट्याला देता येत नाही. दिली तरी ते देणे सिद्ध होत नाही. हा भाग मी पूर्वी कितीतरी वेळा वाचला आणि शिकवला होता, पण तेव्हा डोळ्यांपुढे भांडी, गाई आणि शेते असत. आज मात्र वाचता वाचता थांब्यावरच्या मुली डोळ्यांपुढे आल्या. मुलाच्या हाती आलेले मत हे त्याच्या एकट्याच्या मालकीचे कुठे आहे? पाचवीतल्या पोरांचे, वस्तीवरच्या मुलींचे, सगळ्या शाळेचे बरेवाईट त्यात ठेवीसारखे ठेवलेले आहे. ती ठेव रविवारी गहाण पडली होती, आणि ठेव गहाण टाकण्याचा अधिकार मुलांना नव्हताच.

एवढ्याने माझे समाधान झाले, पण नववीतल्या मुलीचे झाले असते असे नाही. तिने शब्द दिला होता, आणि दिलेल्या शब्दातून मोकळे करण्याचा अधिकार ज्याला शब्द दिला त्याचा. तेव्हा मला त्या मुलाला भेटणे भाग होते.

मी निरोप धाडला आणि तो सायंकाळी आला. उंच, काटक, गुडघ्यावर कबड्डीच्या जखमांच्या खपल्या. ओट्याच्या कडेला बसून त्याने आधीच सांगून टाकले, "गुरुजी, आमी वाईट काय केलं? समद्या गावानं केलं तसंच केलं."

"वाईट केलेस असे मी कुठे म्हणालो? मला एक सांग. तू निवडून आलास, तर तुला मत दिले की भंडाऱ्याला दिले, हे तुला कसे कळेल?"

"कळून काय करायचं? आकडा आला म्हंजी झालं."

"बरे. उद्या कबड्डीचा सामना आहे. समोरच्या गड्यांनी आधीच देवापुढे कबूल केले आहे की याला धरायचे नाही. तू चढाईला जाशील?"

त्याने झटकन माझ्याकडे पाहिले. "त्याला काय चढाई म्हनत्यात का?"

"मग रविवारी देवळात येऊन सगळ्यांना त्या शब्दातून मोकळे कर," मी म्हणालो. तो गुडघ्यावरची खपली खरवडत राहिला. मग म्हणाला, "पन गुरुजी, समद्यांना मोकळं केलं आन् पडलो तं? चुलता घरात घ्यायचा न्हाई."

"माझ्याकडे जेवायला ये."

"तुमच्यात मटन नसतंय."

आतून भांडे पडल्याचा आवाज आला. सौभाग्यवती हसत असाव्यात. तो उठला, पायात चपला घातल्या आणि "बघतो" एवढेच म्हणून गेला. येतो म्हणाला नाही, येत नाही असेही म्हणाला नाही.

पुढच्या रविवारी, चंपाषष्ठी तोंडावर आलेली असताना, मी माळावरच्या देवळात गेलो. मुख्याध्यापिका आल्या होत्या. नागरिकशास्त्राचे शिक्षकही जरा अंतर राखून उभे होते. निरोप मिळाल्याप्रमाणे मुले जमली. पुजाऱ्याने देवापुढे भंडाऱ्याचे ताट आणि बेलाची पाने ठेवली. सगळे होते, फक्त ज्याने मोकळे करायचे तोच नव्हता. ती मुलगी खांबाला टेकून माळावरच्या वाटेकडे पाहत होती. तो आला नसता, तर मी तिला केवळ ग्रंथातला आधार देऊ शकलो असतो. आणि तेवढ्या आधारावर ती मतदानात स्वतःच्या चिन्हावर बोट ठेवील, याची मला खात्री नव्हती. मी मुलांना ठेवीची गोष्ट समजावून सांगू लागलो. माझे अर्धे लक्ष मात्र वाटेकडेच होते.

माझे सांगणे संपत आले तेव्हा मोटारसायकलीचा आवाज आला. पुढे चुलता, मागे पुतण्या.

चुलता देवाच्या पाया पडला, कपाळाला भंडारा लावला आणि माझ्याकडे वळला. "काय गुरुजी, पोरांच्या खेळात तुमी कशाला?"

"मला अधिकारी केले आहे. खेळात पंच लागतोच."

"आज पोरांचा भंडारा सोडवताय. उद्या आमचा सोडवायला येताल!"

"बोलावलेत तर येईन."

तो देवळात घुमेल असा हसला. "लई दिवसांनी कुनी तरी तोंडावर बोललं," असे म्हणून पायरीवर बसला. बसून राहिला, हे महत्त्वाचे.

मुलगा पुढे आला. त्याने काय म्हणायचे ते मी सांगितले नव्हते. ताटातला भंडारा हातात घेऊन तो देवाकडे तोंड करून म्हणाला, "ज्यांनी माझ्यापायी भंडारा उचलला, त्या समद्यांना मी मोकळं केलं. देवा, तू बी मोकळं कर. ज्याला ज्याला जसं वाटन तसं." आणि हातातला भंडारा त्याने देवाच्या पायांशी वाहिला.

मी संकल्प सांगितला, आधी संस्कृतात आणि मग मराठीत, म्हणजे मुलांना आपण काय म्हणतो ते कळावे. मग एकेक मूल पुढे आले, चिमूटभर भंडारा घेऊन कपाळाला लावून देवाला परत देऊ लागले. मध्येच एका बारक्याने विचारले, "आन् खाल्लेली भेळ?"

"भेळ राहू दे रं," मुलगा म्हणाला. "ती देवाला नको."

सगळे देऊळ हसले. चुलताही हसला. ती मुलगी सर्वांत शेवटी आली. तिने भंडारा वाहिला आणि बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. डोळे उघडल्यावर तिने तळहात परकराला पुसला नाही. पिवळा तसाच ठेवून घरी गेली.

मतदानाच्या दिवशी वर्गाच्या कोपऱ्यात नकाशा टांगून आडोसा केला होता. आत मोबाईल ठेवला होता; त्यावर चिन्हांची चित्रे आणि बोट लावल्यावर बीप असा आवाज. मुलाचे चिन्ह चेंडू, मुलीचे छत्री. आणखी दोघे उभे होते, त्यांना दिवा आणि पाटी. मी टेबलाशी बसून बोटांना शाई लावत होतो. पाचवीतल्या एकाने आत जाण्यापूर्वी गंभीरपणे विचारले, "आजोबा, बीप झालं न्हाई तं परत दाबू का?" दुसरी एक चिमुरडी शाई लावलेले बोट हवेत उंच धरून दिवसभर फिरली, डबाही तिने दुसऱ्या हाताने खाल्ला.

ती मुलगी आपल्या वर्गाच्या रांगेत आली. मी तिच्या बोटाला शाई लावली. ती नकाशामागे गेली. आत इतका वेळ शांतता होती, की मी हातातली शाईची कांडी खाली ठेवली. मग बीप झाला. बाहेर येताना तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. बोटाकडे पाहत, ओठ घट्ट मिटून ती गेली. तिने कोणत्या चित्रावर बोट ठेवले ते मला ठाऊक नाही. मी विचारलेही नाही.

दुपारी मोजणी झाली. छत्री थोड्या मतांनी पुढे होती, आणि चेंडूलाही भरघोस मते होती. मुली आरडाओरडा करत पटांगणात धावल्या. मुलगा फळ्यावरच्या आकड्यांसमोर हाताची घडी घालून उभा राहिला. मी जवळ गेलो. त्याने खालमानेने विचारले, "गुरुजी, ही जी माझी हायत, ती भंडाऱ्याची न्हाईत ना?"

"नाहीत. सगळी तुझी आहेत."

त्याने आकडा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "आज जेवायला येऊ का?"

सौभाग्यवतींनी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या. मटणाची उणीव त्याला जाणवली असेल. पण त्याने तसे दाखवले नाही, आणि पोळ्या मोजायचे आम्हीही टाळले. रात्रीपर्यंत चुलत्याने त्याला घरातही घेतले.

शपथविधी परिपाठाच्या वेळी झाला. देवाला स्मरून की गांभीर्याने, हे ज्याचे त्याने ठरवावे असे आम्ही सांगितले होते. ध्वजस्तंभाकडे जाण्यापूर्वी ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, ही बी परत करता येती का?"

"ही तू कुणा एकाला देत नाहीस," मी म्हणालो. "म्हणून कुणी एकटा तुला हिच्यातून मोकळी करू शकत नाही."

तिने मान डोलावली, जाऊन उभी राहिली आणि देवाला स्मरून शपथ घेतली.

मुलगा विरोधी पक्षनेता झाला. दर शनिवारी शाळेच्या सभागृहात तो उठतो आणि तोच प्रश्न विचारतो, "मुख्यमंत्रीताईंनी सांगावं, गाडीचं काय झालं?" पहिल्या अर्जाला आगारातून "पाहतो" एवढेच उत्तर मिळाले होते. दुसऱ्या खेपेला ती बाईंबरोबर गेली तेव्हा तोही गेला. अर्ज तिने वाचला आणि तिथल्या साहेबांनी मान वर करीपर्यंत टेबलापुढून तो हलला नाही. त्यानंतर सायंकाळची एक गाडी शाळा सुटण्याच्या वेळेला येऊ लागली. रोज नाही. कधी येते, कधी टायर फुटलेले, कधी चालक रजेवर. पण येते. तिच्या वडिलांनी "पुढचं पुढं" म्हणणे थांबवले आहे, असे ती सांगते.

परवा ती फुले घेऊन आली तेव्हा वैतागलेली होती. "गुरुजी, त्याला तुमी काही तरी सांगा. गाडी चार दिवस नीट आली, पाचव्या दिवशी चुकली, की हा शनिवारी उभा. त्याला भंडारा उचलायला लावा, गाडीचं इचारनार न्हाई म्हनून."

"मी फक्त सोडवतो, उचलायला लावत नाही," मी म्हणालो.

"मंग इचारू द्या," ती म्हणाली आणि हसत शाळेला गेली.

आज सायंकाळी दिवा लावून, हात जोडून मान वर केली, तेव्हा थांबा रिकामा होता. गाडी वेळेवर येऊन गेली होती. वाऱ्याने ज्योत हलत होती. वात जरा पुढे सरकवली आणि आत आलो. उद्या गाडी चुकलीच, तर शनिवारी सभागृहात प्रश्न येईलच.